खोडलेली उत्तरं

बाई शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी इमारतीतली मुलं त्या जिन्यात दिसल्या की अजून शर्ट खोचायची. मुलांनी त्यांचं नाव पट्टीबाई ठेवलं होतं. पट्टी मारायची नव्हे हो, उभ्या आयुष्यात त्यांनी ती कुणावर उगारली नव्हती. उत्तराखाली पट्टीने दोन रेघा ओढल्याशिवाय त्या गुण देत नसत, एवढंच. एकतीस वर्षं गणित शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत नाकावर माशी बसू दिली नाही. चुकतो तो विद्यार्थी आणि तपासतो तो शिक्षक, अशी त्यांची जगाची साधी वाटणी होती.

खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहायचं. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, आई गणवेश शिवायच्या कारखान्यात काज-बटणं करायची. त्यांना दोन मुली. थोरली गणितात दोनदा नापास झाली आणि औषधांच्या गोदामात खोकी बांधायला लागली. धाकटी दहावीत होती. ती एकदा बापाबरोबर चष्म्याच्या दुकानात गेली आणि तिथला माणूस भिंग घासून फ्रेममध्ये बसवताना पाहत तासभर उभी राहिली. बाप दोनदा चल म्हणाला तरी जागची हलेना. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं, डोळे तपासायचं आणि चष्मे करायचं शिक्षण घ्यायचं. त्या प्रवेशाला गणितात शंभरात चाळीस गुण लागत. एकोणचाळीसवाल्याला तिथे कुणी दारात उभं करत नाही.

आई धाकटीला घेऊन वर आली तेव्हा पोरीला पंचवीसात आठ मिळत होते. बाईंनी तिला हाती घेतलं. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तास, दर शनिवारी पंचवीस गुणांची चाचणी, आणि चाचणीचे गुण आलेखाच्या कागदावर. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. आठ, अकरा, तेरा. मध्ये ताप आला म्हणून बारा. मग सोळा, एकोणीस, बावीस. तांबड्या पेन्सिलीची रेघ अशी चढत गेली की बाईंना तिचा लळा लागला. कुणीही घरी आलं की कपाट उघडायचं. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही हातातला पाना बाजूला ठेवून तो आलेख बघावा लागला आणि छान आहे म्हणावं लागलं. धाकटीच्या आईला आलेखातलं काही कळत नसे. ती फक्त विचारायची, वर चाललंय ना? वर चाललेलं पाहून ती समाधानाने खाली जायची.

मग शाळेची सराव परीक्षा झाली. धाकटीला शंभरात सत्तावीस.

बाईंचा आधी विश्वासच बसेना. शाळेने बेरजेत घोळ घातला असणार, असं म्हणून त्यांनी उत्तरपत्रिका मागवली आणि पट्टी घेऊन बसल्या. बेरीज बरोबर होती. पण पानापानावर खाडाखोड. एका समीकरणाची मांडणी नीट होती, पायऱ्या नीट होत्या, शेवटी सात छेद तीन हे अगदी बरोबर उत्तर आलेलं होतं, आणि त्यावर आडवी काट मारलेली. खाली तेच गणित पुन्हा, एक आकडा ओढूनताणून बदललेला, उत्तर दोन. पुढच्या पानावर तोच प्रकार, आणि त्याच्या पुढेही. पाच बरोबर उत्तरं पोरीने स्वतःच्या हाताने खोडली होती. त्यांचे गुण होते एकोणीस.

बाईंनी तिला समोर बसवून विचारलं, हे का खोडलंस?

धाकटीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "उत्तर असं तुटकं आलं म्हणजे कुठेतरी चुकलंच असणार ना, बाई? तुमच्याकडे कधी येत नाही तसं."

ती गेल्यावर बाईंनी चाचण्यांचा गठ्ठा काढला आणि एकेक कागद पाहिला. चार, तीन, सहा, वजा दोन, पाच. वर्षभरात एक अपूर्णांक उत्तराला आलेला नव्हता. येणार कुठून? शाळेत साठ-साठ वह्या तपासायच्या म्हणून बाई आधी उत्तर ठरवायच्या आणि मग त्यावरून उलटं गणित रचायच्या. नजर टाकली की बरोबर-चूक कळायचं. एकतीस वर्षांची सवय, ती हाताला लागली होती. वर्गात तिचं काही बिघडत नसे, कारण मुलं पुस्तकातलीही गणितं करत. धाकटीने मात्र सगळा जीव बाईंच्या कागदांत ओतला होता. उत्तर पूर्णांकात आलं नाही की ती पायऱ्या बदलत बसायची, जमेना तर एक ते सहा आकडे घालून बघायची आणि बसेल तो ठेवायची. गणित पोरीला थोडंफार येत होतं, बाई मात्र पाठ झाल्या होत्या. कपाटातली ती रेघ त्या पाठांतराचीच चढत होती, आणि बाईंनी ती नळवाल्याला दाखवली होती. त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्या जिन्यातसुद्धा उतरल्या नाहीत.

परीक्षेला बावीस दिवस होते. बाईंनी नवे कागद काढले, आडवेतिडवे आकडे घातले, उत्तरं अकरा छेद चार आणि वजा पाच छेद सात. धाकटीला मिळाले सात, मग नऊ, मग सहा. तिला इतके दिवस एक खूण सापडली होती, आपण बरोबर आहोत की नाही हे सांगणारी. तीच गेल्यावर तिचा कशावरच भरवसा राहिला नाही. आता पूर्णांक आला तरी ती बिचकायची, अपूर्णांक आला तरी बिचकायची, आणि मान वर करून बाईंचा चेहरा वाचायला बघायची. बाई तोंड खिडकीकडे फिरवून बसू लागल्या. उत्तर मूळ समीकरणात घालून पडताळा घे, हे त्या घसा कोरडा होईपर्यंत सांगत. पोर पडताळा घ्यायची, तो जुळायचा, तरी खोडरबर हातातून सुटायचं नाही.

एके दिवशी आईने कपाट उघडायला सांगितलं. तांबडी रेघ खड्ड्यात पडलेली पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी सगळं सांगून टाकलं. माझे कागद चुकीचे होते, मी तिला नको ती सवय लावली, तिचा यात दोष नाही. एवढं बोलायला बाईंना दोन दिवस मन घट्ट करावं लागलं होतं.

आईने ते ऐकूनच घेतलं नाही. "असं कसं, बाई? एवढी वर्षं शिकवलंत तुम्ही. तुमचं कसं चुकेल? हिचंच लक्ष नाही."

बाई पुन्हा सांगायला गेल्या, पण आई पोरीला घेऊन निघालीसुद्धा. जिन्यातून तिचा आवाज येत राहिला. तुला पण खोकी बांधायचीत का? बाई तेवढं काय बोलतायत आणि तुझं चित्त कुठे असतं? बाईंच्या वाट्याची बोलणी पोर खात होती आणि बाई वर दारात उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या चूक कबूल करायला निघाल्या, तर ती घ्यायला कुणी तयार नव्हतं.

परीक्षा झाली. निकाल लागला. गणितात चौतीस.

पाच-सहा दिवसांनी, दुपारी, धाकटी वर आली. बाईंची पुस्तकं परत करायला. गोदामात थोरलीच्या शेजारच्या टेबलावर तिला काम मिळालं होतं, पहिलाच दिवस होता. ती रडली नाही, तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी. माझंच डोकं नाही, बाई."

बाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी सराव परीक्षेची उत्तरपत्रिका टेबलावर पसरली आणि तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. एकेका खोडलेल्या उत्तरावर बोट ठेवत गेल्या. हे बरोबर होतं. हेही. हे बघ, हेसुद्धा. सत्तावीस आणि एकोणीस, सेहेचाळीस होतात. "चाळीस लागत होते, तुला सेहेचाळीस होते. डोकं आहे गं तुला. ते खोडायला मी शिकवलं."

धाकटीने सगळी पानं मनापासून पाहिली. बाईंना वाईट वाटू नये म्हणून हलकेच मान हलवली. खालून थोरलीने हाक मारली, दोनची पाळी चुकली असती. ती उठली, खुर्ची टेबलाखाली सरकवली, आणि बाईंची समजूत काढावी तशी म्हणाली,

"पण खोडली ना मीच, बाई."