बरणीतला दुसरा कागद

मैत्रिणींनो, आपली ही फिरती वही उद्या पुढच्या मैत्रिणीकडे टपालानं पाठवायची आहे, पण आजचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या औषध-कारखान्यात क्षयाच्या गोळ्या माझ्याकडे तपासायला आल्या. औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटर यंत्रानं औषध पूर्ण भरलं असं दाखवलं, पण गोळ्या किंचित तपकिरी होत्या. औषध बिघडून होणारा पदार्थही त्या यंत्राला औषधासारखाच दिसतो. म्हणून काल संध्याकाळी गोळीच्या द्रावणाचा थेंब लावून एक कागद थोडं द्रावक घातलेल्या बरणीत टांगला. द्रावक कागदावर चढत जातं आणि रात्रभरात पदार्थ वेगळे होतात. बिघाड असेल तर दोन ठिपके दिसतात.

आज सकाळी बरणीत कागदच नाही.

“झाडणाऱ्या बाईनं टाकला असेल,” आमचे मुख्य तपासनीस अण्णा म्हणाले. “यंत्र ठीक म्हणतंय ना? मग सही कर. लॉरी उभी आहे.”

बाई परवापासून रजेवर आहे.

एकच कागद कधी टांगायचा नाही, ही कॉलेजची सवय. दुसरा मी कालच कपाटामागे, लोणच्याच्या जुन्या बरणीत तसाच टांगून ठेवला होता. त्यावर दोन ठिपके होते.

अण्णा हसले. “परदेशी यंत्रापेक्षा लोणच्याच्या बरणीवर भरवसा?”

“आज तरी,” मी म्हटलं आणि सही केली नाही. लॉरी रिकामी गेली. आमच्या घरी अप्पा, माझे वडील, अजून सहीऐवजी अंगठा उठवतात. माझी सही कशाखाली जाते, हे मला ठाऊक असायलाच हवं.

तुम्ही अण्णांना पहिल्या कागदाचं तोंडावर विचारलं असतं का? मला धीर झाला नाही. दुसरा कागद मात्र मी घरी घेऊन आले आहे.