दातेकाकांचा पाचवा गिअर

दातेकाकांचं आडनाव दाते नव्हतं, पेडणेकर होतं. पण कुठलाही गिअर हातात आला की अंगठा फिरवून ते त्याचे दाते अचूक सांगत, म्हणून मुलुंडच्या आमच्या गॅरेजवाल्यांत हेच नाव पडलं. भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं गिअर कापले. कारखाना बंद झाला, बोटांची सवय राहिली.

ते माझ्याकडे त्यांच्या जुन्या छोट्या गाडीचं ऑइल बदलायला येत. एका दुपारी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सुरेश, पाचव्या गिअरची जोडी बदलायचीय. मी कापतो, तू बसव."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते आवरलं.

त्यांची एकुलती एक मुलगी नाशिकला सासरी आजारपणात वारली होती. मागे पाच वर्षांची नात. जावयाच्या घरच्यांनी तिला भेटू देणं बंद केलं, तेव्हा काका कोर्टात गेले. दर रविवारी दोन तास मिळाले. काकूंचा उजवा पाय अर्धांगात गेलेला, त्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती. म्हणजे गाडी आलीच, आणि दर रविवारी नाशिकला जाऊन यायचं पेट्रोल पेन्शनमध्ये बसत नव्हतं. दोन रविवार चुकले. लगेच समोरच्या वकिलाने लिहून दिलं की आजीआजोबांना नातीत रस नाही.

"अजून चुकले तर महिन्यातून एकदाच देतील," काका म्हणाले. "हिला हे सांगितलेलं नाही मी."

त्यांचा हिशोब साधा होता. हायवेला इंजिन उगाच जास्त फिरतं. तेवढ्याच वेगाला ते कमी फिरलं तर पेट्रोल कमी लागेल. "जोडीतल्या दात्यांची बेरीज बदलायची नाही, नाहीतर ती बॉक्समध्ये बसणार नाही," ते सांगत. "एकाचा काढला की दुसऱ्याला द्यायचा."

"काका, असं कितीसं वाचणार?"

"थोडंच. पण आमचं थोडक्यासाठीच अडलंय."

भांडुपमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मशीन मोकळं मिळेल तेव्हा त्यांनी जोडी कापली. मी गिअरबॉक्सचं झाकण काढून ती बसवली. दोन रविवार नीट गेले. तिसऱ्याला पडघ्याच्या पुढून त्यांचा फोन आला. मी टोइंगची गाडी घेऊन पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काकू मागच्या सीटवर घामाने भिजलेल्या, मांडीवर नातीसाठी केलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा. तिकडे नाशिकला पोरगी सकाळपासून खिडकीत बसली होती, हे नंतर कळलं.

गॅरेजमध्ये आणून बॉक्स उघडला. ऑइलमध्ये तुटलेले दाते पडले होते. काकांनी ते एकेक वेचून फडक्यावर ठेवले.

"पोलाद चांगलं होतं. तापवून हार्डनिंग करताना मी घाई केली," ते म्हणाले, आणि तिथेच जमिनीवर बसले. इतका हरलेला माणूस मी पाहिला नव्हता. समोरच्या वकिलाचं पत्र काकूंनाही तोवर कळलं असावं. त्या गाडीतून एवढंच म्हणाल्या, "पुन्हा कापा."

मध्ये जुनी जोडी बसवून, काकूंच्या व्यायामवाल्या बाईंना बंद करून वाचलेल्या पैशांच्या पेट्रोलवर त्यांनी रविवार काढले. दुसरी जोडी कापायला महिना लागला. ट्रायलला मी बरोबर गेलो. शहापूरच्या अलीकडे त्यांनी पाचवा टाकला आणि इंजिनाचा आवाज खाली बसला. काका हसले नाहीत. काट्यावर नजर ठेवून साठच्या वेगाने चालवत राहिले, मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. चढ आला की गाडी दमायची. ते निमूट चौथा टाकत आणि म्हणत, "चढाला माघार घेतली की गाडी पोचते."

गाडी बंद पडलेला तो रविवार कोर्टाने धरला नाही, आणि त्यानंतर त्यांचा एकही चुकला नाही. नात सायकल शिकली, तिचे पुढचे दात पडले, हे सगळं सोमवारी मला कळायचं.

मग जावयाने दुसरं लग्न केलं, परदेशात नोकरी धरली आणि कोर्टाच्या परवानगीनेच मुलीला घेऊन गेला. आजीआजोबांना व्हिडिओ कॉल मिळाला. पहिल्याच कॉलला पोरगी लाजली आणि उठून पळाली. पुढचे दोन लागलेच नाहीत.

काका गाडी विकायला आले, काकू बरोबर होत्या. मालवणला भावाकडे कायमचे निघाले होते.

"आधी जुनी जोडी बसव," ते म्हणाले. "घेणाऱ्याला ही घाटात त्रास देईल."

मी बसवली. हात पुसताना राहवलं नाही. म्हटलं, "काका, एवढं सगळं केलंत, आणि शेवटी हे."

काढलेली जोडी त्यांनी फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "दर भेटीला तिकडे एका कागदावर सही घेत. माझ्या सत्तेचाळीस सह्या कोर्टात जमा आहेत. उद्या मोठी झाल्यावर तिला कुणी सांगितलं, की आजीआजोबांनी तुला टाकलं, तर तिला जाऊन बघता येईल."

त्यांनी रिक्षा थांबवली, काकूंचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, आणि पलीकडून जाऊन शेजारी बसले.