अकोल्याचा सोमवार आणि ‘फास्टिंग’

सुशीलामावशीला ऑपरेशनला एकटीला पाठवायचं नाही, एवढंच ठरवून मी पुण्याहून अमरावतीच्या गाडीत बसले. मावशी वलगावला झेंडू लावते. काका गेले, मुलगी लांब सासरी. पित्ताशयातले खडे काढायचे होते आणि तिचा विश्वास अकोल्याच्या एका डॉक्टरांवर.

अमरावतीहून वलगाव जवळच, ऑटोने जाता येतं. एरवी प्रवासाच्या लेखात मी अमरावतीच्या दह्यातल्या गिला वड्यावर परिच्छेदभर लिहिलं असतं. या वेळी तो बशीत तसाच राहिला. मावशीचं वय सत्तर. भूल सोसेल का, हेच डोक्यात.

रविवारी संध्याकाळी दवाखान्याचा इंग्रजी मेसेज आला : पेशंटला फास्टिंगमध्ये आणा. मी भाषांतरावर पोट भरते. सहज म्हणाले, “मावशी, उद्या उपास हं.”

“सोमवारच हाय बाई. मले काहून सांगून राहिली?”

सकाळी एसटीने निघालो. मूर्तिजापूरमार्गे अकोला दोनेक तास. बायकांना अर्धं तिकीट. खिडकीबाहेर काळ्या रानात कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. मावशी झेंडूच्या तोडणीबद्दल बोलत होती, मी नुसती हूं हूं करत होते.

दवाखान्यात मी नोंदणीच्या रांगेत, मावशी बाकावर. इंग्रजी फॉर्ममध्ये फास्टिंगपुढे मी ‘येस’ लिहिलं. खात्रीसाठी लांबूनच विचारलं, “उपास आहे ना?” तिने मान हलवली.

बाराच्या सुमाराला तिला स्ट्रेचरवर घेतलं. जाताना माझ्या हातात पिशवी देत म्हणाली, “डबा धुऊन ठेवजो. वास येते मंग.”

डबा उघडला. तळाशी भगर चिकटलेली, कडेला दाण्याच्या आमटीचा ओघळ.

मी धावले. थिएटरच्या दाराशी भूलतज्ज्ञ बाई हात धूत होत्या. मी डबाच पुढे केला. “तिने हे खाल्लंय. आत्ता, मी रांगेत होते तेव्हा.”

“फॉर्मवर तर फास्टिंग लिहिलंय.”

“मी लिहिलं. चूक माझी आहे.”

त्या रागावल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. “भुलेत उलटी होऊन अन्न फुप्फुसात गेलं असतं,” एवढंच म्हणाल्या आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं.

मावशी वॉर्डात परतली ती फुरंगटून. “तू इचारलं उपास हाय का. हाय म्हटलं. जेवली का, असं कोनी इचारलंच नाई मले.”

“पाणीसुद्धा नव्हतं चालणार गं.”

“मंग तसं सांगाचं ना. आपल्या उपासाले भगर चालते.”

मंगळवारी ऑपरेशन झालं. तास-दीड तास मी दारासमोर उभी होते, बसवलंच नाही. खडे तिने बाटलीत मागून घेतले, गावात दाखवायला.

पुण्याला येऊन आठवडा झाला. वऱ्हाडात श्रावणात जरूर जा, रान बघण्यासारखं असतं. मी मात्र त्यातलं फारसं बघितलं नाही. शब्दकोशात उपवासापुढे ‘फास्ट’ दिलंय, आणि ते चूक आहे असं मलाही म्हणता येत नाही. काल एका दवाखान्याचं माहितीपत्रक भाषांतराला आलं. त्या शब्दाशी थांबले आणि लिहिलं : रात्रीपासून काहीही खाऊ नये, पाणीही पिऊ नये, उपवासाचे पदार्थसुद्धा नाहीत. मूळ इंग्रजीत एकच शब्द होता. संपादकाने विचारलं, एवढं लांबण कशाला? मी त्याला मावशीचा फोन नंबर दिला.