दुसरीतली पोरगी

बाहुल्यांचा खेळ लहानांसाठी असतो की मोठ्यांसाठी, हा प्रश्न मला आयुष्यात इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की आता कोणी तो काढला तर मी सरळ पाणी आणायला आत जाते. विचारणारे सगळे मोठेच. लहान मुलांनी मला हे कधी विचारलं नाही. ती येऊन पुढे बसतात आणि खेळ कधी सुरू होणार एवढंच विचारतात.

या उद्योगात मी स्वतःहून पडले नाही. आमचं बिऱ्हाड रोह्याला लागून वरसे गावात, हे कंपनीत शिफ्टला. कंपनीच्या एका कार्यक्रमात यांनी कोणाचा तरी बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि घरी आल्याआल्या पायातला मोजा काढून हातात घातला. मी भाकऱ्या थापत होते. मोजा खांद्यावरून डोकावून म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाला, "सूनबाई, जळते हाय ती भाकर." भाकरी खरंच जळत होती. मी हसले. हसली ती फसली म्हणतात, ते माझ्या बाबतीत लग्नानंतर काही वर्षांनी खरं झालं.

मोज्यावर किती दिवस भागणार? माझं माहेर पेणजवळचं, खाडीकडचं, मिठागरात राबणाऱ्यांचं. शेजारची एक काकी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायची. याला तिकडे आखणी म्हणतात आणि ती ज्याला त्याला जमत नाही. गणपती उरकल्यावर जरा उसंत मिळाली तेव्हा तिने आम्हाला कागदाच्या लगद्याची दोन डोकी करून दिली, एक म्हातारा आणि एक पोरगी. म्हातारा बरा जमला होता. पोरीला मात्र तिने गणपतीचेच डोळे काढले होते, मोठे, शांत, कुठेही बसलात तरी तुमच्याकडेच बघणारे. मी म्हटलं, "काकी, ही तर देवावानी दिसते." ती म्हणाली, "मना दुसरं डोलं येतंच नाय गो."

म्हाताऱ्याचा आवाज यांचा, पोरीचा माझा. पोरगी कितवीतली, असं यांनी विचारलं तेव्हा मी पटकन दुसरी म्हणून गेले. दुसरीपर्यंतच मी शाळेत नुसती शाळेसाठी गेले होते. तिसरीपासून वर्गातही धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसावं लागलं, आणि तरीही शाळा सुटली की मला वाईट वाटायचं. नववी पास झाले आणि त्याच मे महिन्यात माझं लग्न झालं. दहावीची जुनी पुस्तकं आणून त्यांना वर्तमानपत्राची कव्हरंसुद्धा घालून झाली होती. ती पुढे कोणी नेली कोण जाणे. यांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्या आळीतल्या सगळ्याच पोरींचं तसं झालं होतं, मग माझं वेगळं काय सांगायचं?

पण एक अट मी घातली. पोरगी मोठी करायची नाही. दरवर्षी दुसरीतच.

"म्हंजे दरवर्षी नापास होते काय?" हे म्हणाले.

"होऊ दे," मी म्हटलं. तेही हसले आणि कबूल झाले.

मग यांच्या कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही शाळाशाळांतून हिंडलो. पेणला, रोह्याला, एकदा जिते गावाला. दोन खुर्च्यांना बांबू बांधायचा, त्यावर माझं जुनं लुगडं टाकायचं आणि मागे बसून हात वर करायचे. म्हातारा मुद्दाम पाढे चुकवायचा. तीन चोक सतरा म्हणाला की सगळा वर्ग ओरडून छप्पर डोक्यावर घ्यायचा आणि पोरगी त्याच्या डोक्यात पट्टी मारायची. पडद्यामागून प्रेक्षक दिसत नाहीत, पण ऐकून कळतात. मुलं आधी हसतात आणि मग शेजाऱ्याकडे बघतात. मोठी माणसं आधी शेजाऱ्याकडे बघतात, मग हसतात, म्हणून त्यांचं हसू जरा उशिरा येतं. खेळ संपला की माझे दंड भरून यायचे, घरी येऊन पोळ्या लाटवत नसत. तरी मी जायची. आठवड्यातला तेवढा तास मला हवा असायचा.

गणपतीत आमचा खास प्रयोग असे, नागोठण्याच्या बाजूला एका वसाहतीत. ते वर्षातलं मोठं आमंत्रण. तिथल्या मंडळाचे लोक पावसातच ठरवायला यायचे. केबल नुकती घरोघर आली होती, त्या वर्षी त्यांचे अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, पोरांचं काय, त्यांना बोट दाखवलं तरी हसतात. मोठे उठून जातात हो. खुर्च्या रिकाम्या दिसतात. या वेळी मोठ्यांसाठी खास काहीतरी टाका. नवरा-बायको वगैरे." हे मान डोलवत होते. मंडळी गेल्यावर मला म्हणाले, "पोरीला साडी नेसव. म्हाताऱ्याची बायको करू."

मी म्हटलं, "बायको हवी तर नवीन डोकं करून आणा."

"गणपती तोंडावर आल्यात. पेणला आता कोन मान वर करून बघनार हाय? तेवढ्या दिवसापुरतं गो. मग हायच तिचा फ्रॉक."

बोलणं खरं होतं. त्या दिवसांत काकीला जेवायला सवड नसायची. मी दोन दिवस धुसफुसले, भांडी आपटली. आपटून आपटून भांड्यांना पोचे येतात, दुसरं काही होत नाही. शेवटी माझ्याच एका साडीचा पदर कापून मी तिला साडी शिवली. कपाळावर टिकली लावली. तरी ते डोळे माझ्याकडेच बघत होते आणि मला तिच्यासमोर बसवेना. मी तिला पालथी घालून ठेवली.

संवाद यांनी लिहिले. नवरा-बायकोचे नेहमीचेच. ही गप्प कधी बसते, तर वीज गेल्यावर, आणि तेव्हाही अंधारात पुटपुटते. "मिठागरवाल्याची पोरगी करून आणली, तरी आमटी आळणी." हे शेवटचं मी जेवताना ऐकत आले होते. घरी त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं, निदान तसं मी म्हणत असे. आता ते माईकवरून जाणार होतं आणि त्यावर "जळ्ळं मेलं तुमचं लक्षण" हे उत्तर मी द्यायचं होतं. मी ते पाठ केलं.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळची आरती आटोपली. मुलं पुढे सतरंजीवर, मोठे मागे खुर्च्यांवर. म्हाताऱ्याने सुरुवात केली आणि खुर्च्या हसू लागल्या. उशिराने, पण मोठ्याने. हे रंगात आले. पडद्यामागे यांची कोपरखळी मला बसत होती. आमटीवरच्या वाक्याला तर टाळ्या पडल्या, बायकांच्यासुद्धा. मी "जळ्ळं मेलं" म्हटलं, त्यालाही हशा. सतरंजीवरून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. एवढी मुलं एवढी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

मग त्या शांततेतून एक बारीक आवाज आला, अगदी पडद्याला चिकटून. "ही तर दुसरीत होती ना? हिचं लगीन कोनी लावलं?"

खुर्च्या खो खो हसल्या. हे म्हाताऱ्याच्या आवाजात पटकन म्हणाले, "मी लावलं! मीच केलं तिच्याशी!" पुन्हा हशा.

पण ती मुलगी हटली नाही. आजूबाजूच्या खेड्यातून आईबरोबर गणपती बघायला आलेली असावी, कारण बोलण्याचा हेल थेट माझ्या माहेरचा होता. तिने विचारलं, "आन मंग हिची शाला?"

पुढचं वाक्य माझं होतं आणि ते साडीच्या खरेदीवरचं होतं. मला ते पाठ होतं. हात वर होता, दंड भरून आला होता, आणि तो प्रश्न म्हाताऱ्याला नव्हे, पोरीला होता. ती सगळ्यांकडे बघत होती. लग्नात मला हे कोणी विचारलं नव्हतं. बापाने नाही, मास्तरांनी नाही, आईनेही नाही. एवढी वर्षं मीसुद्धा स्वतःला विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून पोरीचा शाळेतला शुद्ध आवाज निघालाच नाही. खाडीकडचा निघाला, जो मी लग्नानंतर टाकून दिला होता.

"नाय गो. शाला सुटली. मना कोनी इचारलाच नाय."

खुर्च्या शेजाऱ्याकडे बघत असणार, हसायचं का म्हणून. कोणी हसलं नाही. मागे एक भांडं पडलं, प्रसादाचं असावं, आणि ते फिरत फिरत थांबेपर्यंत ऐकू आलं. मी बाजूला पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते. म्हातारा यांच्या हातावर मान टाकून लटकला होता. खेळात यांचा हात असा खाली आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग यांनी हात सावरला. म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "मंग जा ना उद्यापासून. डबा मी भरून देतो."

सतरंजी हसली. "तुम्हाला येतो काय डबा?" कोणी तरी ओरडलं. पोरगी म्हणाली, "आधी तीन चोक किती ते सांगा." म्हातारा म्हणाला सतरा, आणि मग पुढचा सगळा खेळ पोरांनीच ओरडून पार पाडला. यांनी लिहिलेली पानं तशीच राहिली. खुर्च्यांवरचे काही उठून गेले, काही बसले. अध्यक्षांनी नारळ दिला आणि "जरा वेगळं झालं" म्हणाले. एका बाईने येऊन माझा हात हातात घेतला आणि नुसता दाबून गेली. मला तेही नको झालं होतं. मी फार दमले होते.

परत येताना स्कूटरवर बाहुल्यांची पेटी माझ्या मांडीवर होती. रोहा जवळ आलं. तेव्हा हे मान न वळवता म्हणाले, "तुला खरंच शिकायचं होतं?"

"व्हय."

"बोलली नाय कधी."

मला इतका राग आला की रडूच आलं. ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याला हे कळायला लगद्याची बाहुली लागली. आणि मला सांगायलाही तीच लागली, हे त्याहून वाईट. पण तो राग कोणावर काढावा हे कळेना, कारण हे काही वाईट माणूस नव्हते, आणि नाहीत. मी म्हटलं, "पुढे बघून चालवा."

त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. संसारात सगळ्याच गोष्टी बोलून होत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पोरीची साडी उसवली आणि फ्रॉक चढवला. आमटी आळणी झाली तर हे आता स्वतः उठून मीठ घेऊ लागले, एवढाच काय तो फरक.

पुढच्या वर्षी पावसात मंडळाचे लोक पुन्हा आले. अध्यक्ष आणि आणखी दोघे. पुढच्या खोलीत खुर्च्यांवर बसले, हे समोर कॉटवर. मी चहा टाकायला आत गेले. अध्यक्ष सांगत होते, "गेल्या वेळी जरा सिरीयस झालं. या वेळी पोरीचं लग्नच दाखवा ना. बघायला येतात, पसंती, मानपान, फुल धमाल. मोठ्यांतला एकजण हलणार नाही. नाहीतर मग आम्हाला ऑर्केस्ट्रा बघावा लागेल."

मी ट्रे घेऊन दारापर्यंत आले होते. आमंत्रण मोठं होतं आणि यांचा जीव त्या प्रयोगात किती होता ते मला ठाऊक होतं. मग हे म्हणाले, "पोरगी दुसरीत हाय आमची. तिचं लगीन व्हायचं नाय. तुम्ही ऑर्केस्ट्राच आना."

अध्यक्षांना वाटलं हे थट्टा करतात. ते हसले. हे हसले नाहीत.

पाय उंबऱ्यापाशीच थांबले माझे. माहेरी एकदा असाच ट्रे घेऊन मी दारात उभी होते. समोर अशीच माणसं खुर्च्यांवर बसली होती, त्यांच्यात हेही होते, नवा शर्ट घालून, खाली मान घालून. आत फळीवर कव्हरं घातलेली पुस्तकं होती. तेव्हा माझ्या बापाने एवढंच म्हणायला हवं होतं, की पोरगी शाळेत हाय आमची. तो म्हणाला, "आमची काय हरकत नाय."

मी ट्रे टेबलावर ठेवला. कोपऱ्यातल्या पेटीचं झाकण उघडंच होतं आणि पोरगी त्यातून आमच्या सगळ्यांकडे बघत होती. तिच्या बाजूने बोलणारं माणूस तिला मिळालं होतं. मला तिचा हेवा वाटला, आणि ते माणूस माझाच नवरा होता.