गाठींचं शिकणं

प्रयोगशाळेच्या काळोख्या खोलीत फिल्म द्रावणात बुडवली, की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू काळा पट्टा उमटतो. उंदरांना गाठी आणणाऱ्या विषाणूने आपल्या डीएनएची नवी प्रत काढल्याची ती खूण.

आज तो उमटला. "जमलं की तुला," माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या.

मला मात्र सकाळचा आईचा फोन ऐकू येत होता. "काखेत गाठ लागतेय. तू गाठींचंच शिकतेस ना गं? मग सांग, साधीच आहे ना?"

घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच. या पट्ट्यापासून तिच्या काखेपर्यंतचं अंतर कदाचित अजून कुणीच चाललेलं नसेल. तिला ते कसं सांगू?

बाहेर येऊन फोन लावला. "आई, मला नाही कळत. मी येते, उद्या दवाखान्यात जाऊ."

ती म्हणाली, "बरं, ये."