लोणीवरनं टिळक रोडला, मयुरीचं ग्राफिक कार्ड आणाया

त्या दिवशी आम्ही तिघी होतो. मी, माझी सून शोभा, आणि शोभाची थोरली मयुरी. चौथे दुकानातले काका. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

मयुरी घरांची चित्रं काढते. हातानं न्हाई, कंप्युटरवर. घर बांधायच्या आधीच ते आतून कसं दिसंल ते दाखवायचं. धायरीच्या एका हापिसानं तिला काम दिलं. म्हणाले, घरी बसून कर, पण पहिलं चित्र सोमवारी पायजे. घरच्या कंप्युटरला ते झेपंना, मधीच गप्प बसायचा. त्याला ग्राफिक कार्ड (चित्राचं ओझं ओढणारी पाटी) लागतं म्हणे. ते जमलं न्हाई तर धायरीला खोली घेऊन त्यांच्या हापिसात बसायचं. पोरगी लांब जाणार म्हणून शोभाचं तोंड उतरलेलं. माझाबी जीव लागंना, पण मी दाखवलं न्हाई.

कंप्युटर मयुरीनं स्वतःच जोडलेला, सुटा माल आणून. नवं कार्ड आत बसतं का बघाया कॅबिनेट (कंप्युटरचा पत्र्याचा डबा) दुकानातच न्यायचं ठरलं. सकाळी ती आंघोळीला गेली तवर मी डबा नीट बांधला. त्या रस्त्याचे खड्डे मला ठावं. मालक गेले तवा पोरं लहान. वर्षानुवर्षं मी त्याच रस्त्यानं मार्केट यार्डात कांदा निवडाया गेले. उभ्यानं जायचं, उभ्यानं यायचं.

या वेळी बसाया जागा मिळाली. डबा मांडीवर, वरनं गोधडी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, देव नेताय का?"

"देव असता तर तू तिकीट मागितलं असतंस का?" शोभा म्हणाली. मयुरी खिडकीकडं तोंड करून हसत होती.

हडपसरला बस खच्चून भरली. एका बाईनं डब्यावर कोपर टेकलं ते पुलगेट येईस्तवर काढलं न्हाई. स्वारगेटला उतरून आम्ही कांदाभजी खाल्ली. चहा गोड होता, कप मात्र बाहुलीचा.

टिळक रोडचं दुकान जिना चढून वर. काकांचा चष्मा कपाळावर. म्हणाले, "या, बसा. खुर्ची एकच आहे, तेव्हा आपसांत ठरवून बसा."

मयुरीनं काचेतलं मोठं कार्ड दाखवलं. तीन पंखे, वर रंगीत दिवे.

"वरात काढायची आहे, की काम करायचंय?" काका म्हणाले.

"काम."

"मग दिवे कशाला? आधी तुमचा डबा बघू."

त्यांनी स्क्रू काढले, बाजूचा पत्रा ओढला, आणि आतून पेंढा बदाबदा खाली पडला.

"आजी," काका म्हणाले, "आंबे पिकायला घातलेत का?"

मयुरी पांढरीफटक. "आज्जी! अगं काय केलंस?"

"हादऱ्यानं आतलं हलू नये म्हणून घातला. अंडी, आंबे, काचेच्या बरण्या, सगळं मी असंच आणलंय. एक फुटलं न्हाई."

"आत्या, हे अंडं न्हाई हो," शोभा म्हणाली.

मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आतलं काय बिघडलं असलं तर सोमवार गेला. वाईट वेळ आली की हात थांबवायचा न्हाई, एवढं मला जन्मानं शिकवलंय. मी खाली बसले आणि काडी काडी वेचाया लागले.

"उठा आजी, त्याला मशीन आहे," म्हणून काकांनी ब्लोअर (वारा मारायचं यंत्र) आणला. फू फू करून सगळं झाडलं. वर म्हणाले, "विचार बरोबर होता तुमचा. माल चुकला."

मग मोठं कार्ड आत धरून दाखवलं. ते वीतभर बाहेर. "शिवाय तुमचा एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) याला पुरणार नाही. तो बदला, कॅबिनेट बदला, मग जुनं राहिलं काय? फक्त आजी." त्यांनी दोन पंख्यांचं एक काढलं. "हे मधलं. आठ जीबीचं. कामाला पुरेल, विजेला झेपेल."

"पुढं कमी पडलं तर?" मयुरीनं विचारलं.

"तोवर कमवाल की. मोठं घ्यायला इथंच या, मी कुठं जातोय?"

मयुरीनं विजेच्या डब्यावरचं लेबल वाचलं, कार्डाच्या खोक्यावरचं वाचलं, परत डब्यावरचं वाचलं. मग म्हणाली, "हेच द्या."

"आधी चालवून दावा," मी म्हणलं.

कार्ड बसवलं, बटण दाबलं. आतून खरखर आली. आम्ही तिघी एकमेकींकडं बघतोय. काकांनी बंद करून चिमट्यानं जुन्या पंख्यातली एक काडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. परत बटण दाबलं. पडदा उजळला. मयुरीनं तिचं घर उघडलं, गरागरा फिरवलं. कुठं अडलं न्हाई.

निघताना काकांनी कार्ड काढून खोक्यात दिलं. "बसमध्ये वेगळं न्या, नाहीतर खड्ड्यानं निखळेल." येताना शोभानं ते खोकं पोटाशी धरलं, लोणी येईपर्यंत सोडलं न्हाई.

रविवारी मयुरीनं मला एक सैपाकघर दाखवलं. अजून बांधलेलं न्हाई, पण खिडकीतनं ऊन येत होतं. मी जन्मभर पत्र्याखाली, धुरात सैपाक केला. असं ऊन आधी बघितलं असतं तर तशी खिडकी मागितली तरी असती.

"पाण्याचा हंडा कुठं ठेवायचा?" मी विचारलं.

"आज्जी, नळ हाय की."

"नळाला पाणी नसलं मंग?"

ती हसली आणि कोपऱ्यात एक कट्टा काढला. सोमवारी चित्र गेलं. हापिसवाले म्हणाले, घरूनच करत जा. रात्री शोभानं मटण केलं.

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं हाय. घर बांधणार असाल तर आधी आमच्या मयुरीकडनं चित्र काढून घ्या. काम येत राहिलं, तर पोरगी घरीच राहील.