भाऊ जहाजावर असताना

मी मारकुटा माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. शाळेत मास्तरांनी छडी उगारली की मी ती हिसकावून घ्यायचो. पुढे सुतारकीत पडलो तेव्हा वाटलं, दिवसभर लाकडावर घाव घालून हात थकतील आणि राग जिरेल. तसं काही होत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच.

आमचं वर्कशॉप पौडच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. तिथे मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच काम करायचो. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, त्यामुळे त्याला रंधा धरायला मी शिकवलं आणि कानफटातही मीच मारली. सूस-महाळुंग्याला सोसायट्या उभ्या राहिल्या तशी आम्हाला डोकं वर काढायला फुरसत उरली नाही. दरवाजे, चौकटी, किचनची कपाटं. त्याचं काम माझ्याहून सफाईदार होतं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. आदल्या दिवशी सगळी धुऊन, तेल लावून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू वाहायचा, आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. अगदी खिळासुद्धा ठोकायचा नाही. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी दुपारी भाऊ आला आणि त्यानं सरळ पाटावरची पटाशी उचलली.

"ठेव खाली," मी म्हणालो.

"अर्जंट हाय."

"आज हत्यार उचलायचं न्हाई, ठावं न्हाई व्हय तुला?"

"एका पटाशीनं देव उपाशी न्हाई मरायचा," असं म्हणून तो दुसरी घ्यायला वाकला. त्याचा उजवा हात पाटावर होता. मी लाकडी मोगरी उचलली आणि त्या हातावर घातली. एकदा नाही, दोनदा. पहिल्या घावाला तो ओरडला. दुसऱ्याला हाडाचा आवाज आला आणि कुंकवावर रक्त सांडलं.

ती मोगरीही पूजेतलीच होती. हत्यार उचललं म्हणून मी भावाला हत्यार उचलून मारलं, हे माझ्या टाळक्यात शिरायला संध्याकाळ व्हावी लागली. तोवर महाळुंग्याहून फोन आला. तिथल्या एका फ्लॅटात म्हातारे आजोबा बाथरूममध्ये अडकले होते. दरवाजा फुगून चौकटीत रुतला होता. शेवटी वॉचमननं पहारीनं फोडला. तो दरवाजा मी बसवलेला, लाकूड नीट वाळलेलं नसताना घाईनं बसवलेला. भाऊ तिकडेच निघाला होता. एका शब्दानं सांगितलं असतं तर मी स्वतः गाडी काढली असती. पण तोही माझाच भाऊ, सांगेल कशाला.

बोटांत तारा घातल्या. जखम भरली, पण उजव्या हाताची पहिली दोन बोटं अर्ध्याच्या पुढे मिटेनात. प्लास्टर निघाल्यावर आठ दिवसांनी तो घर सोडून गेला. बायकोनं त्याला डबा दिला, तो त्यानं घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

तो कुठं आहे हे आमच्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून कळलं. कोकणात एका खाडीवर जुन्या काळातल्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती बांधत होते. तीन डोलकाठ्या, कापडी शिडं, इंजिन नावापुरतं. पूर्वी आपल्याकडची गलबतं थंडीतल्या वाऱ्यावर आफ्रिकेला जायची, तशी ती पुन्हा न्यायची होती. तिथं भाऊ डाव्या हातानं लाकूड तासायला, वाकस चालवायला शिकला होता म्हणे. व्यापारी म्हणाला, "लई नाव झालंय त्याचं तितं. जहाजाबरोबर सुतार म्हणून त्यालाच न्येणार हायेत." मी त्या दिवशी विनाकारण एक चांगली फळी चुकीची कापली.

जहाज निघालं तेव्हापासून माझा फोन माझा राहिला नाही. इंटरनेटवर जहाजाचं पान होतं, त्यावर नकाशा आणि नकाशावर एक लाल ठिपका. दर सहा तासांनी तो पुढे सरकायचा. माझ्या मुठीएवढ्या समुद्रात नखाएवढा. मी करवत बंद करून, स्क्रीनवरचा भुसा शर्टाला पुसून बघत बसायचो. बायको घरातून विचारायची, "सरकला का, अवो?" ज्याला मी दोन वर्षांत एक फोन केला नाही, त्याची खबर मी दिवसातून चारदा तिला द्यायचो.

ते लोक व्हिडिओही टाकायचे. एकात भाऊ दिसला. डेकवर बसून एक खुंटी तासत होता. "वाळलेत भावजी," बायको म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. मी मात्र त्याचा हात बघत होतो. दुसऱ्या व्हिडिओत कप्तान नवख्यांना डोलकाठीवर चढायचं शिकवत होता. जहाजावर स्वयंपाक्यापासून सुतारापर्यंत सगळ्यांना पाळीपाळीनं वर चढावं लागतं. कप्तान सांगत होता, वर गेलं की एक हात कामाला आणि एक हात धरायला, दोन्ही हात कामाला लावाल तर खाली याल.

भावाचा कामाचा हात आता डावा होता. म्हणजे धरायला उरला तो उजवा.

त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. कोणी दरवाजाची ऑर्डर द्यायला आलं, तरी मी त्याच्या हाताच्या मुठीकडे बघायचो. सूसला राहणारे एक साहेब माझं गिऱ्हाईक होते, विदर्भातले, कम्प्युटरवाले. त्यांना मी विचारलं, वारा कुठं बघायचा. त्यांनी फोनवर वाऱ्याचा नकाशा काढून दिला. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे जोराचा, जांभळं म्हणजे वादळ. तिसऱ्या आठवड्यात समुद्राच्या मधोमध जांभळा भोवरा उठला आणि माझा ठिपका त्याच्या कडेला होता.

सकाळी ठिपका थांबला. दुपारी मागे सरकला. मी साहेबांना फोन करून ओरडलो, "मागं कसं जातंय ते?" ते बिचारे समजावत होते, वादळात बरीचशी शिडं उतरवतात, जहाज वाऱ्याबरोबर ढकललं जाणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मी फोन ठेवला आणि त्यांच्याच ऑर्डरचं कपाट वाकसानं फोडलं. दोन्ही दारं, मग पाठ, मग कप्पे. हाताला फोड येईपर्यंत फोडत होतो.

मग पौडच्या स्टँडवर गेलो. तिथला चहावाला माझ्या ओळखीचा. टपरीवर चारजण फोनात डोकं घालून जहाजाचंच बोलत होते. आपल्या गावचा माणूस म्हणून सगळेच बघायचे. चहावाला हसत म्हणाला, "लुळ्या हाताचा गडी न्येलाय, बुडंल न्हाई तर काय हुईल." मी टपरीवरून हात घालून त्याची गचांडी धरली आणि तोंडावर ठोसे हाणले. उकळता चहा दोघांच्या अंगावर सांडला. लोकांनी मला ओढून काढलं तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि एक दात हातात होता. दात बघत तो शांतपणे म्हणाला, "त्याचा हात तूच मोडलास नव्हं?"

मी भाजलेला हात घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जहाजाच्या पानावर दोन ओळी आल्या. जहाज सुरक्षित आहे. वादळात एक खलाशी समुद्रात पडला, तो सापडला नाही, त्याच्या घरी कळवलं आहे. नाव नव्हतं.

"आपल्याला कुनी कळवलं न्हाई," बायको म्हणाली. "म्हंजे भावजी न्हाईत ते."

"आणि त्यानं घरचा म्हणून आपला नंबर दिलाच नसंल तर?"

ती उठली. मग देवापाशी जाऊन बसली. मी पानावर दिलेल्या नंबरला फोन लावत होतो, तो सतत व्यस्त. दोन दिवस मी वर्कशॉपचं शटर उघडलं नाही. भिंतीला एकदा डोकं आपटून घेतलं, तर बायको म्हणाली, "आता भिंत तरी सोडा."

तिसऱ्या सकाळी फोन वाजला. नंबर भलताच लांबलचक.

"दादा?"

"हायेस व्हय रं?"

थोडा वेळ खरखर. "हाय."

मी होतो तिथं खाली बसलो आणि रडायला लागलो, लहान पोरासारखा, आवाज काढून. त्यानं मला रडू दिलं. मग म्हणाला, "माझी पाळी व्हती, दादा."

पहाटे उजाडताना वरचं शीड फाटलं होतं आणि फडफडून डोलकाठीच मोडायला निघालं होतं. कोणीतरी वर जाऊन ते कापायला हवं होतं. भाऊ चढला. दोरशिडीच्या चार पायऱ्या गेला आणि ओल्या दोरावरून त्याची बोटं सुटली. दुसऱ्यांदा सुटली. खालून त्याचा जोडीदार ओरडला, उतर, मी जातो. दोघांनी मिळून ते जहाज बांधलं होतं. जोडीदार वर गेला, शीड कापलंही. तेवढ्यात जहाज आडवं झालं, शिडाची आडवी काठी फिरली आणि त्याच्या छातीवर बसली. तो लांब पाण्यात फेकला गेला. एका लाटेवर त्याचं डोकं दिसलं, हात वर केलेला दिसला. त्या वाऱ्यात जहाज वळवता येईना.

हे ऐकताना मला आनंद होत होता. लिहायला लाज वाटते, पण होत होता. माझा भाऊ जिवंत होता आणि बाकी जग गेलं खड्ड्यात. त्या आनंदात मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बरंच झालं मग," मी म्हणालो. "बोटं धड असती तर तूच गेला असतास."



"त्याची आई विचारंल, दादा," तो म्हणाला. "पाळी तुझी असताना माझा पोरगा का चढला म्हणून. तिला काय सांगू?"

तेवढ्यात फोन कटला.

जहाजाला किनारा गाठायला अजून पंधरा दिवस होते. तोवर त्या जोडीदाराची आई दुसऱ्या कोणाकडून काहीतरी ऐकणार, आणि भाऊ परत येऊन तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहणार. व्यापाऱ्याला तिचं गाव विचारलं, गाडी काढली आणि ताम्हिणी घाट उतरलो. बायको म्हणाली, मी येते. मी नको म्हणालो.

घर खाडीच्या तोंडाशी होतं. ओटीवर बायका बसलेल्या, मध्ये ती. माझ्याच वयाची असेल, फार तर चार-पाच वर्षं मोठी. मी जहाजावरच्या सुताराचा भाऊ, असं सांगितलं तेव्हा तिनं मला बसायला सांगितलं. "तो हितंच जेवायचा," ती म्हणाली. "दोघं एका ताटात."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. खंडेनवमी, पटाशी, मोगरी, दोन घाव, मग चार पायऱ्या आणि सुटलेली बोटं. कमी काही केलं नाही. "त्याची चूक न्हाई, ताई," मी म्हणालो. "तो हात मी मोडला."

कोपऱ्यातून तिचा भाऊ उठला. त्यानं माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं आणि मारायला लागला. मोजून नाही, सापडेल तिथं. नाकातून रक्त आलं, कानात गुणगुण सुरू झाली. माझे हात आपोआप वर आले, ते मी पाठीमागे धरले. आयुष्यात पहिल्यांदा मी मार खाल्ला आणि परत केला नाही. तेही काही मोठं काम नव्हतं.

"सोड त्याला," ती म्हणाली.

तो बाजूला झाला. ती उठून माझ्यासमोर आली. रडत नव्हती. माझ्या रक्ताकडे तिनं बघितलंही नाही.

"तुमचा भाऊ परत आला का त्याला हितं जेवायला पाठवा," ती म्हणाली. "तुमी नका येऊ."